चौकातला आग्रह

मंजुषाचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. मी ते रोज वाचत होतो.

मंजुषा ही माझ्या धाकट्या भावाची, शिवकुमारची मुलगी. नांदेडला रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये ती सहा महिन्यांपासून कामाला आहे. फोनवर समोरचा काय म्हणतो ते मला कळेपर्यंत त्याने फोन ठेवलेला असतो, म्हणून माझ्याकडून काही हवं असेल तर पत्र लिहायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिने लिहिलं होतं :

'दोड्डप्पा, पुढच्या महिन्यापासून माझी शिफ्ट सकाळी साडेसहाची. आप्पा आता स्कूटरवर सोडतात, पण त्यांची लिंगपूजा साडेसातशिवाय आटपत नाही. मी सायकल घेऊन ठेवली आहे. वाटेत एकच चौक अवघड आहे. आप्पा म्हणतात, अण्णाने चौतीस वर्षं गंजगोलाईतून सायकल चालवली, साधं खरचटलं नाही. त्याने लिहून दिलं तर जा, नाहीतर नोकरी सोड. तेव्हा चार ओळी लिहा.'

दोड्डप्पा म्हणजे मोठे काका, आणि शिवकुमारचा अण्णा तोही मीच. आमचं मूळ घर उदगीरकडचं, तिथली कानडी नात्यांपुरती अजून टिकून आहे.

चारच ओळी लिहायच्या होत्या. अडचण अशी, की लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांतला एकही मी सायकलवर बसून ओलांडलेला नाही. वाचनालयात नोकरी होती तोवर रोज गोलाईच्या अलीकडे उतरायचो, सायकल हातात धरून कडेकडेने चालायचो आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचो. खरचटणार कुठून? घरात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझी कीर्ती तेवढ्यावर वाढली.

उत्तराचे अकरा मसुदे झाले. पहिल्याची सुरुवात चाकाच्या शोधापासून होती. माझी बायको रत्नम्मा तो वाचून म्हणाली, हे चौकापर्यंत पोचेस्तोवर पोरगी रिटायर होईल. अकराव्यात 'सावधगिरी बाळगावी' एवढंच उरलं, तेही मला आगाऊपणाचं वाटलं. शेवटी पहिल्या तारखेला आठ दिवस राहिले तेव्हा तिने पिशवीत धपाटे बांधले आणि सांगितलं, लिहिता येईना तर जाऊन बघून या.

नांदेडला शिवकुमारने माझं फार आदराने केलं. तेच मला जड जातं. जेवताना त्याने दोनदा पत्राचा विषय काढला. दोन्ही वेळा मी चटणी मागितली.

सकाळी सहाला देवघरात घंटा वाजली, तशी मंजुषा दोन सायकली घेऊन दारात उभी. एक तिची, एक शेजाऱ्यांची.

"दोड्डप्पा, चला," ती हळूच म्हणाली. "आप्पांची विभूती लावून व्हायच्या आत परत येऊ."

चौक दिसायला साधा होता. चार रस्ते, सिग्नल अजून सुरू झालेला नव्हता. पण शाळेच्या रिक्षा, दुधाचे टेम्पो आणि एसट्या तिथे एकाच वेळी पोचत होत्या. आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. मंजुषा सरळ पुढे निघून गेली. मी चौकाच्या मध्यापर्यंत आलो आणि डावीकडून मुलांनी भरलेली रिक्षा आली. मी थांबलो आणि हाताने म्हटलं, जा. रिक्षावाल्याने माझे पांढरे केस पाहिले, तोही थांबला आणि म्हणाला, तुम्ही जा. आता आमच्याकडची रीत अशी, की समोरच्याने एकदा म्हटलं म्हणून लगेच घ्यायचं नसतं. मी छातीवर हात ठेवून पुन्हा त्यालाच जायला सांगितलं. त्याने मान हलवली. मग दोघांनाही एकमेकांचं मन मोडवेना, म्हणून दोघेही एकदमच निघालो, आणि दोघांनीही ब्रेक दाबले. तेवढ्यात रिक्षाच्या मागे खोळंबलेला मोटरसायकलवाला कंटाळून बाजूने सुसाट निघाला आणि माझ्या पुढच्या चाकाला घासून गेला. सायकल थरथरली, तिच्यावर मीही.

रिक्षावाला बाहेर वाकला. "मामा, ही काय पंगत हाय का? आग्रह करून राहिले. तुमची बारी हाय, निघा की."

आतली पोरं खिदळली. मी अर्थातच उतरलो आणि चालत कडेला आलो.

मंजुषा पलीकडच्या कोपऱ्यावर उभी होती. तिचा चेहरा उतरला होता, पण मला पाणी देऊन झाल्यावर तिने माझी शिकवणीच घेतली. म्हणाली, मी मधे वळतच नाही. डाव्या बाजूने सरळ पलीकडे जाते, या कोपऱ्यावर थांबते, सायकल वळवून घेते आणि या रस्त्याच्या गाड्या निघाल्या की त्यांच्याबरोबर निघते. एसटीच्या डाव्या अंगाला कधी उभी राहत नाही, तिथे ड्रायव्हरला आपण दिसत नाही. बाजू बदलण्याआधी मान वळवून मागे बघते, मग हात दाखवते.

"आन् ज्याची बारी त्यानं जायचं, दोड्डप्पा. तुमचा भलेपणा मागच्या मोटरसायकलवाल्याला कसा कळंल?"

"गर्दी लई असली तर?" मी विचारलं.

"उतरते. हातात धरून चालत जाते. त्यात काय?"

मी बराच वेळ सायकलची घंटी पुसत राहिलो. मग तिला गंजगोलाईचं सांगितलं. ती इतकी हसली की तिला विजेच्या खांबाला धरावं लागलं. चौतीस वर्षांत किती किलोमीटर चाललात, याचा हिशेब तिने तिथेच मांडायला घेतला. मग मधेच तिने हिशेब सोडला.

"आप्पांना हे नका सांगू," ती म्हणाली. "अण्णापण उतरायचा म्हणल्यावर ते सायकलच विकतील. तुम्ही नुसतं लिहा, चौक पार करता येतो. खोटं थोडंच हाय?"

खोटं नव्हतं. तिच्या पद्धतीने मी त्या सकाळी तो चौक दोनदा पार केला, दुसऱ्यांदा तर रिक्षावाल्यांकडे न बघता. पण शिवकुमार माझ्या ज्या शब्दावर मुलीला रस्त्यावर सोडणार होता, तो शब्द चौतीस वर्षं पायी चाललेल्या माणसाचा होता. उद्या ती कुठे उतरलेली त्याला दिसली असती, तर त्याने म्हटलं असतं, अण्णा कधी उतरला नाही, तू का उतरतेस, तुला जमत नाही. मला तेवढीच भीती वाटली.

घरी परतलो तेव्हा पूजा चालूच होती. नंतर शिवकुमार शेजारच्या खोलीत पोहे खात बसला. मी उठून चार पावलं जाऊन सांगू शकत होतो. मी कागद मागितला.

'चि. मंजुषा, हे पत्र आप्पांना वाचून दाखव. शिवकुमार, मी गंजगोलाई सायकलवर कधीच ओलांडली नाही. रोज उतरून चालत गेलो, म्हणून मला खरचटलं नाही. मला फक्त उतरता येत होतं. मंजुषाला कुठे उतरायचं आणि कुठे ठामपणे पुढे जायचं, हे दोन्ही येतं. मी तिच्या मागे जाऊन पाहिलं आहे. तिला जाऊ दे. ती कुठे उतरलेली दिसली तर रागावू नकोस, खूश हो. तरी राहवलं नाही, तर एक दिवस पूजा जरा आटोपती घे आणि तिच्या मागे सायकलवर जा. चौकात कुणाला आग्रह करू नकोस. तुझा अण्णा.'

हा बारावा मसुदा. पुन्हा वाचला असता तर तेरावा झाला असता, म्हणून लगेच पाकीट चिकटवलं. शिवकुमारला सांगितलं, दुपारच्या गाडीने निघतो. तो म्हणाला, अण्णा, ते पत्राचं राहिलंच. मी म्हटलं, येईल.

मला गाडीवर सोडायला रजा घेऊन आलेल्या मंजुषाने वाटेत पाकिटावरचा पत्ता पाहिला. आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो त्याच घराचा. तिकीट तिनेच आणून लावलं. पोस्टाच्या दाराशी लाल पेटी होती. मी पाकीट फटीत धरलं, आणि सोडलं.