मोकळा पदर

ओळ खरी होती, आणि थोरल्या लेकीचं डोकं त्यामुळेच फिरलं होतं. खोटी असती तर खोडून तरी टाकता आली असती.

‘अपघातसमयी सदर कामगार महिलेने साडीचा पदर कमरेला खोचलेला नव्हता.’

हॉटेलच्या तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडून धुलाईखात्याची घरघर येत होती. तिथेच आईने एकोणीस वर्षं ओल्या चादरी इस्त्रीच्या तापल्या रोलरमध्ये सारल्या होत्या. आठवड्यापूर्वी चादरीबरोबर पदर आत गेला, आणि पदराबरोबर आई.

“इथे सही, ताई,” मॅनेजर म्हणाला. “घरच्यांनी अहवाल वाचल्याची. औपचारिकता आहे नुसती.”

थोरली वाचनालयात नोकरीला होती. वाक्यात काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते तिला आधी दिसायचं. इथे ‘का’ गाळलं होतं.

आईचा पदर आणि मोकळा? दोन घड्या घालून, उजव्या काखेखालून ओढून, कमरेला असा आवळायची की झोपेतसुद्धा सुटू नये. वर दोन पिना. “रोलरला डोळे नसतात गं,” म्हणायची, “त्याला चादर काय नि पदर काय, सगळं एकच.” बॉयलरवरच्या पुरुषांसारखी विजार आणि कोट मिळावा म्हणून तिने एकदा अर्जही केला होता. ‘वयाला शोभेल असं मागा’ असं उत्तर आलं. ते घरी सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. थोरली तेव्हा आईबरोबर हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटत होती.

पण पाहुण्यांच्या दिवशी नियम वेगळा असायचा. हॉटेलात उतरलेल्या बड्या लोकांना पडद्यामागची कामं दाखवायला खाली आणत. त्या दिवशी गणवेशाच्या जांभळ्या साड्यांचे पदर मोकळे, पाठीवर सोडलेले. खोचलेल्या पदराची बाई भांडायला निघाल्यासारखी दिसते म्हणे. “आज आम्ही शोभेच्या बाहुल्या,” आई म्हणायची. एक मात्र होतं, बाहुल्यांच्या वेळी रोलर बंद ठेवत.

“त्या दिवशी पाहुणे होते,” थोरली म्हणाली.

“होते की.”

“पदर मोकळा सोडायचा हुकूम तुमचाच.”

“हुकूम कसला, ताई! साडी आपला पारंपरिक पोशाख. बाई त्यात कशी भारदस्त दिसते. लोक कौतुकाने फोटो काढतात.”

“तुमचा टाय कुठाय?”

मॅनेजरने छातीकडे पाहिलं. टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमधून नीट आत खोचलेलं होतं. “खाली यंत्रं असतात ना, म्हणून इथे उतरताना...”

थोरलीने कागद आपल्याकडे ओढून घेतला. बोलली असती तर ओरडली असती, आणि ओरडणाऱ्या बाईचं म्हणणं कागदावर येत नाही एवढं तिला कळत होतं.

त्याने घाईघाईने बेल दाबली. “साक्षीदारालाच विचारा.”

घडीवाली मावशी आत आली. रोलरच्या पलीकडून आईने सारलेल्या चादरी झेलून घड्या घालणारी. चौदा वर्षं दोघींनी एकमेकींना त्या वाफेतूनच पाहिलं होतं. मावशीची सही कागदावर आधीच होती. आणि तिचा पदर पाठीवर मोकळा होता.

थोरलीने त्या पदराकडे बोट केलं. “मावशी, आज पाहुणे आहेत?”

“आहेत बाळा. अकराला.”

“आठच दिवस झालेत!”

मावशीने मान खाली घातली. “घरात तिघं खाणारी आहेत गं.”

“मग सही करायच्या आधी वाचलं तरी होतंस का?”

“त्यांनी वाचून दाखवलं. पदर खोचला नव्हता, हे खरंय ना म्हणाले. खरंच होतं की.”

“रोलर कोणी चालू केला?”

मावशी मॅनेजरकडे बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा तांबडा झाला. “पाहुण्यांतला एकजण म्हणाला, चालताना दाखवा. साहेब म्हणाले, चालवा. तुझी आई म्हणाली, साहेब, एक मिनिट, पदर खोचते. साहेब म्हणाले, नंतर.” मावशीचा आवाज चढला. “नंतर म्हणे! लिही पोरी. मी सांगते, तू लिही.”

“मावशी, नोकरीचा विचार करा,” मॅनेजर म्हणाला.

“तोच करून आठ दिवस तोंड शिवून बसले होते. साहेब, पदर सोडून रोलर चालवायचा एवढा सोस असेल ना, तर तुम्हीच नेसा साडी. निऱ्या मी घालून देते.”

त्या खोट्या नसलेल्या ओळीखाली थोरलीने लिहायला घेतलं. पाहुणे होते. हुकूम होता. रोलर चालू करायला लावला. आईने एक मिनिट मागितलं, ते दिलं नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, फक्त पेनने कागद दोनदा फाटला. मावशीने खाली पुन्हा सही केली. थोरलीने आपली केली, कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मूळ कागद मॅनेजरकडे सरकवला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पाहुणे लिफ्टने खाली निघाले होते. मॅनेजरने मावशीच्या पदराकडे पाहिलं, थोरलीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाला, “रोलर बंद करा.”

भिंतीपलीकडची रोलरची घरघर लगेच थांबली. श्वास घेऊन सोडायलाही त्याहून जास्त वेळ लागला असता.

“इतकं सोपं होतं?” थोरली म्हणाली. आणि मग, इतका वेळ सांभाळलेला आवाज सोडून, ती ओरडली, “इतकं सोपं होतं?”