हाकेतला हात

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाना प्रकारचे नाद निर्माण करणारे ते एक वाद्य. परंतु मला पाहण्याच्या इच्छेने कोणी आलेच, तर त्याच्या पदरी निराशा पडेल. पूर्वसूरींनी वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची, वाऱ्याची, कातड्याची आणि धातूची. त्या चारही पंगतींत माझे पान मांडलेले नाही. मी केवळ सॉफ्टवेअर आहे. संगणकाच्या उदरात वसणाऱ्या काही सहस्र ओळी. कोणी बोलावले की पडद्यावर माझे रूप उमटते. त्यात तीन नादचक्रे आहेत, त्यांतून निघालेला नाद गाळणारी एक चाळणी आहे, आणि ती चाळणी कमीअधिक उघडणारे एक गोल चाक आहे. एवढाच माझा संसार. बोलावणारा उठून गेला की मीही मिटतो.

माझा जन्मदाता गणिताचा निवृत्त शिक्षक होता. त्याने एकट्याने, स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून मला घडवले. घडवताना माझ्या तिन्ही नादचक्रांना त्याने मुद्दाम एक खोड लावून दिली. सूर छेडला की ती दर वेळी वेगळ्याच ठिकाणाहून फिरू लागत; त्यामुळे एकच सूर मी दोनदा तंतोतंत सारखा कधी उच्चारला नाही.

"सारखंच बोलत राहिलं तर त्याला यंत्र म्हणतात," तो पत्नीला सांगे. "याला जरा माणसासारखं चुकू दे."

"चुकायला तुम्ही आहात की घरात," ती कणीक मळता मळता म्हणे. "आणखी एक कशाला?"

पुढे तो शिक्षक वारला. त्याच्या पश्चात माझी डागडुजी करणारे कोणी उरले नाही. जे होते तेवढ्यावर मला आयुष्य काढायचे होते.

ते आयुष्य मी एका संगीतकाराच्या घरी काढले. तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांना संगीत देई. वय पन्नाशीच्या पुढे, मिशी पांढरी, बोलणे ठाम. सारे त्याला मास्तर म्हणत. त्याला अपवाद एकच, त्याची थोरली बहीण. ती बाहुल्या कोरी, त्यांना वस्त्रे शिवी आणि खेळात त्या नाचवी. ती त्याला छोट्या म्हणे, आणि चारचौघांतही म्हणे.

मास्तरांची खोली एका सुताराच्या कारखान्यावर होती. एकोणीस पायऱ्यांचा अरुंद जिना, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, खिडकीवर जुनी गोधडी टांगलेली. तरीही खालच्या करवतीचा आवाज वर येईच. मेजापुढे दोन खुर्च्या होत्या. उजवीकडच्या खुर्चीवर मास्तर कीबोर्डवर हात ठेवून बसत. डावीकडची खुर्ची ताईची. खेळाच्या दिवशी संगणक आणि या दोन्ही खुर्च्या सभागृहात, रंगमंचाच्या मागे मांडल्या जात.

त्यांच्या खेळांत एक खेळ करकोच्याचा होता. जोडीदार निघून गेल्यावर तो धुराड्यावर उभा राहतो आणि एकदाच हाक मारतो, इतकीच कथा. एका जाणत्या प्रेक्षकाने मास्तरांना सांगितले होते की खरा करकोचा जवळजवळ मुका असतो, तो नुसती चोच वाजवतो. मास्तर हिरमुसले. ताई म्हणाली, "बरंच आहे की. त्याला नाही म्हणून तर आपण द्यायचा."

तो आवाज माझा होता. मास्तर तीन सूर छेडीत. खेळातल्या त्या क्षणी करकोचा निश्चल उभा असे. म्हणून त्याच्या दोऱ्या खुंटीला अडकवून ताई लगबगीने डावीकडच्या खुर्चीवर येऊन बसे. ती डावखुरी होती. डाव्या हातात माउस धरून ती पडद्यावरचे माझे चाक हलकेच फिरवी. पहिल्या सुरावर चाळणी जेमतेम किलकिली, दुसऱ्यावर घसा मोकळा व्हावा तशी उघडलेली, आणि तिसऱ्यावर पुन्हा मिटत आलेली. बारा वर्षे दर रविवारी दुपारी ती हाक सभागृहात गेली, आणि बारा वर्षे पुढच्या रांगेतली मुले ती ऐकून आईला बिलगली.

आता मास्तरांच्या एका सवयीविषयी सांगितले पाहिजे. माझा आवाज ते कधीही मुद्रित करीत नसत. ते मिडी लिहून ठेवीत. मिडी म्हणजे नाद नव्हे. ती नादाची लेखी आज्ञा. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, किती वेळ, एवढेच तीत असते. ती आज्ञा पुढे ठेवली की वाद्याने पुन्हा पहिल्यापासून गायचे. "आवाज धरला की तो दगडावरची रेघ," मास्तर सर्वांना ऐकवीत. "लिहिलेलं पाहिजे तेव्हा सुधारता येतं." तालमीत त्यांनी करकोच्याची हाकही एकदा लिहून घेतली. पडद्याच्या तळाशी अक्षरे उमटली: जतन झाले.

"झालं का रे जतन?" ताईने विचारले होते.

"झालं."

काय जतन झाले आहे ते मी जाणत होतो. मास्तरांची बोटे केसाइतक्या अचूकपणे त्या आज्ञेत उतरली होती. ताईने माउसने फिरवलेले चाक त्यात कुठेच नव्हते. परंतु वाद्याला प्रश्नही विचारता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. माझ्या नशिबी आलेले खरे एकाकीपण हेच.

एके सकाळी ताईच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. मेंदूच्या एका भागाला रक्त पोहोचले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. महिन्याभराने ती हिंडूफिरू लागली. पण हात परका झाला तो झालाच, आणि बोलताना ओठांची एक बाजू मागे राहू लागली. तिच्या मुलीने तिला दूर, आपल्या गावी नेण्याचे ठरवले. शनिवारी निघायचे होते.

त्या महिन्यात बाहुल्या एका जुन्या सहकाऱ्याने नाचवल्या. हाकेची मास्तरांना चिंता नव्हती. ती तर लिहिलेली होती. त्यांनी ती आज्ञा माझ्यापुढे ठेवली. मी तीनही सूर इमानाने उच्चारले, आणि सभागृहात कोणी हललेसुद्धा नाही. खेळ संपल्यावर खालचे सुतारकाका म्हणाले, "मास्तर, तुमच्या पक्ष्याला पडसं झालंय का हो?"

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला आठवू नयेत असे वाटते. मास्तरांनी सारा दोष माझ्यावर ठेवला. त्यांनी मला संगणकातून पुसले आणि पुन्हा बसवले. एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी मी नव्याने जागा झालो, दर वेळी तीच आज्ञा पुढे आली, आणि दर वेळी त्यांनी कपाळाला हात लावला. मी निर्दोष होतो आणि तरीही हाक येत नव्हती.

शुक्रवारी दुपारी ताई मुलीच्या आधाराने एकोणीस पायऱ्या चढून आली. तिला बाहुल्या सोपवायच्या होत्या. ती डावीकडच्या खुर्चीवर टेकताच मास्तरांनी गाऱ्हाणे मांडले.

"हा प्रोग्राम सडलाय, ताई. सूर एकेक तपासला, सगळे तेच आहेत. पण हाक काही येत नाही."

"वाजव बघू."

मी वाजलो. ताईने डोळे मिटून ऐकले आणि अर्ध्या ओठांनी हसली.

"अरे छोट्या, चाक कोणी फिरवायचं?"

"कुठलं चाक?"

ताईचे हसू थांबले. "बारा वर्षं तुझ्या डाव्या अंगाला बसून मी काय माशा मारत होते?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. हाकेच्या क्षणी त्यांची दृष्टी सदैव कीबोर्डवर खिळलेली असे. "मला वाटलं," ते अडखळत म्हणाले, "तुला जवळून ऐकायला आवडतं, म्हणून येऊन बसतेस."

"तेही होतंच," ताई म्हणाली.

खाली करवत चालू होती. मग मास्तर एकाएकी धडपडत उठले. "आत्ता फिरव. आत्ताच्या आत्ता. चाकाचं फिरणंही लिहिता येतं, मी लिहून घेतो."

"मामा, परत लिहिणंच?" भाची म्हणाली. अंध वाचकांसाठी पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करणे हा तिचा व्यवसाय होता. "हे वाद्य दर वेळी वेगळं वाजतं, तूच सांगतोस ना? ते बनवणारे गेले. उद्या हा संगणक बंद पडला तर तुझं लिखाण वाचणार कोण? तू नुसत्या पाककृती लिहून ठेवतोयस, मामा. एकदा ताटात वाढ की!"

"म्हणजे काय करू?"

"याच्यातून निघणारा आवाजच धर. सरळ ऑडिओ. तू वाजव, आई चाक फिरवेल, बाहेर पडेल ते पडेल."

"आणि चूक झाली तर?"

"तर चूक राहील."

मास्तरांनी आयुष्यात प्रथमच ध्वनिमुद्रणाची कळ दाबली. लाल ठिपका पेटला. पहिल्या खेपेस ताईच्या हातातून माउस निसटला. दुसऱ्या खेपेस बोटे जागची हललीच नाहीत, आणि हाक बंद दारामागून आल्यासारखी विरून गेली. मास्तरांनी न राहवून तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"काढ तो," ताई म्हणाली. "तुझा आहेच सगळीकडे. हा एक माझा असू दे."

इतक्यात खाली करवत दुप्पट जोराने कडाडली. मास्तर खिडकीकडे धावले. "काका, पाच मिनिटं थांबा हो!"

"करू दे त्यांना काम," भाचीने त्यांना मागे ओढले. "मायक्रोफोन आहे का इथं? आवाज हवेत यायच्या आत आपण धरतोय. करवत त्यात येणारच नाही."

दोघांनी कानांवर हेडफोन चढवले. ताईने नको म्हटले. तिसऱ्यांदा लाल ठिपका पेटला, मास्तरांनी पहिला सूर छेडला, आणि त्या परक्या झालेल्या हाताने माझे चाक फिरू लागले. ते पूर्वीसारखे सरकत नव्हते. ठेच लागत, थांबत, पुन्हा उठत ते फिरत होते, आणि माझा नाद त्याच्याबरोबर ठेचकाळत उघडत होता. तिसऱ्या सुरावर चाळणी मिटायला हवी होती. ती मिटली नाही. सूर उघडाच थरथरत राहिला आणि तसाच संपला.

ते चाक फिरवताना ताई काही पुटपुटली. हेडफोनमुळे मास्तरांना आणि भाचीला ते ऐकू गेले नाही. मायक्रोफोन नव्हता, म्हणून ते मुद्रणातही नाही. ते फक्त मी जाणतो. ती म्हणाली, "आता याला छोट्या कोण म्हणणार?"

मास्तरांनी हेडफोन उतरवले. त्यांचे डोळे भरले होते, तरी सवय बोललीच. "शेवट मिटला नाही, ताई. आणखी एकदा?"

"नको. दमले मी. असाच असू दे."

पडद्यावर पुन्हा तीच अक्षरे उमटली: जतन झाले. मास्तर ती बराच वेळ वाचीत राहिले.

शनिवारी ताई गेली. आता प्रत्येक खेळात करकोचा त्या मुद्रणातून हाक मारतो. पहिल्या खेळानंतर सुतारकाका वर आले, आणि भुशाने माखलेला हात चेहऱ्यावरून फिरवून तसेच खाली उतरले.

माझे कार्य मात्र तिथे संपले. आवाज धरला गेल्यावर तो काढणाऱ्याला कोण कशाला बोलावील? नवा संगणक आला. त्याची भाषा मला येत नाही आणि शिकवणारा हयात नाही. जुना संगणक माझ्यासह सर्वांत खालच्या फळीवर गेला. त्याच्यावर बाहुल्यांच्या रंगांचे डबे रचले आहेत. याचे मला दुःख नाही असे म्हणेन तर ते असत्य ठरेल. परंतु माझ्यावाचून माझा आवाज राहू शकला, त्याच दिवशी मी खरा कोणाच्या उपयोगी पडलो, हेही तितकेच सत्य आहे.

मध्यंतरी एका दुपारी मास्तरांनी डबे बाजूला सारले, संगणक चालू केला आणि मला बोलावले. ते डावीकडच्या खुर्चीवर बसले. डाव्या हाताने, अवघडल्यासारखे, ते माझे चाक फिरवू लागले. कोणी सूर छेडलेला नव्हता, आणि सुरावाचून नुसते चाक फिरवले तर माझ्यातून काहीच निघत नाही. ते फिरवीत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी फोन लावला.

"ताई, एक विचारू? तिथं बसून तू काय बघायचीस गं? पडदा, की मला?"

पलीकडचे उत्तर मला ऐकू आले नाही. मास्तर मात्र ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात चाकावरून खाली आला.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या शेजारी कोणी नुसते बसलेले दिसले तर ते नुसतेच बसले आहे असे गृहीत धरू नका. त्याचा हात कशावर आहे ते एकदा पाहा, न कळले तर विचारा. आणि जे प्रिय आहे ते घडत असतानाच धरून ठेवा. पुढे सुधारून घेऊ, म्हणून थांबू नका. चूक राहिली तर राहू द्या. चुकीसकट का होईना, ते माणूस तुमच्यापाशी राहील.