दोन नावांचं घर

“कापणार नाही, काका. ही करवत नुसती थरथरते. हे बघा.” असं म्हणून तिने चालू करवत स्वतःच्या तळहातावर टेकवली.

टेबलावर बसलेला माणूस ट्रक चालवायचा. मिशा अशा, की समोरून येणाऱ्या गाडीने आपणहून बाजूला व्हावं. पण करवतीचा आवाज ऐकल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिचा तळहात शाबूत आहे ना, हे त्याने वाकून पाहिलं, मग डोळे घट्ट मिटले आणि प्लास्टरमधला हात पुढे केला.

हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्या खोलीतल्या पांढऱ्या भुकटीचा रंग तिच्या केसांनी कधी घेतला, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. लहान मुलं तिला करवतबाई म्हणत, आणि त्यांचं ऐकून डॉक्टरही. तिला त्याचा राग नव्हता. निदान हाक तरी मारत होते.

अॅप्रनच्या खिशातला फोन वाजायला लागला. ती करवत चालवत राहिली. फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“घ्या ना, बाई,” ड्रायव्हर डोळे न उघडता म्हणाला. “मघापासून चाललंय. कुणीतरी अगदी मनापासून करतंय.”

“मनापासूनच करतात ते,” ती म्हणाली.

प्लास्टरची दोन शकलं झाली. आतला कापूस तिने कात्रीने कापला आणि हात मोकळा केला. बारीक झालेला, फिकट, पापुद्रे सुटलेला तो हात ड्रायव्हरने लगेच दुसऱ्या हाताने खालून धरला.

“सोडा आता. ओझं गेलं त्याचं.”

“सोडवत नाही हो.”

“सगळ्यांचं असंच होतं. वजन गेलंय हे हाताला लगेच पटत नाही. जाईल सवय.”

तो हात तसाच सांभाळत बाहेर गेला, आणि दारात उभ्या असलेल्या मेट्रनबाई आत आल्या.

“बँकेचा ना फोन?”

ती जमिनीवरचे तुकडे गोळा करायला लागली.

“अगं, फोन उचलला नाही म्हणून काय ते हप्ता विसरणार आहेत? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललंय तुझं.”

“काय सांगू उचलून? पैसे नाहीत म्हणून?”

“हेच सांग. आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा मीही गेलेच होते की. हप्ता कमी करून देतात, मुदत वाढवतात. पण आपण जाऊन सांगायला लागतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर बँक आहे.”

ती हो म्हणाली. तिला न जाण्याची सगळी कारणं पाठ होती, पण मेट्रनबाईंसमोर त्यातलं एकही टिकण्यासारखं नव्हतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ते तिने आणि धाकट्या भावाने आईसाठी घेतलं होतं. आईचं सगळं आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं. मालकाने सांगितलं की अंथरूण गुंडाळायचं, भांडी पोत्यात भरायची आणि निघायचं. शेवटी एक तरी दार असं असावं, जिथून ‘निघा’ म्हणणारं कुणी नाही, एवढंच तिचं मागणं होतं. एकट्याच्या पगारावर कर्ज मिळेना, तेव्हा दोघांनी मिळून काढलं. कागदावर दोघांची नावं आणि दारावरच्या पाटीवरही दोघांची. आईला वाचता येत नव्हतं, पण येता-जाता ती पाटीवरून हात फिरवायची.

त्या घराच्या आतल्या खोलीतच आई वारली. मग धाकट्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि कारखान्याजवळ बरं पडतं म्हणून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला गेला. जाताना एकदा म्हणाला होता, “ताई, विकून टाकू या का?” ती म्हणाली, “आईचं घर विकायचं?” त्याने विषय पुन्हा काढला नाही. पुढे एका महिन्यात त्याच्या हिश्शाचे पैसे आले नाहीत. तिने थोडे दिवस वाट पाहिली आणि स्वतःच भरले. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, मग तीही बोलली असती, आणि शब्दाने शब्द वाढला असता. त्यापेक्षा पैसे भरणं तिला स्वस्त वाटलं. ना भांडण, ना तंटा. नुसतं बोलणं आटत गेलं, आणि मग येणंजाणंही.

ती संध्याकाळी एका हाडांच्या डॉक्टरांकडे जादा काम करायची. त्यावर धाकट्याचा हिस्सा निघून जायचा. मग त्या डॉक्टरांनी पेशंटला घरच्या घरी बांधता-सोडता येतील असे तयार पट्टे आणले, आणि तिचं संध्याकाळचं काम गेलं. हप्ते थकले. तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण झाकून झाकून मूठ दुखायला लागते, हे कुणी सांगत नाही.

लग्नाचं वय आईच्या दुखण्यात निघून गेलं होतं. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते संध्याकाळचं. कुलूप उघडायचं, बाहेरच्या खोलीतला दिवा लावायचा, आतला लावायचा नाही. मग बँकेचा फोन यायचा. ती तो टेबलावर पालथा घालायची आणि थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. गंमत अशी, की ज्या संध्याकाळी तो वाजायचा नाही, त्या संध्याकाळी तिला जास्त एकटं वाटायचं.

बँकेतल्या कर्जविभागाच्या बाईंनी तिला आधी पाणी दिलं. बोलणी खायची तयारी करून आलेल्या माणसाला पाणी दिलं की त्याची पंचाईत होते. तिने पेला रिकामा केला.

“वेळेत आलात,” बाई म्हणाल्या. “आणखी थोडं रखडलं असतं, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. थकलेलं आपण पुढे ढकलू, मुदत वाढवू. हप्ता जवळजवळ निम्मा होईल.”

“निम्मा?”

“हो. फक्त तुमच्या एकटीवर एवढी मुदत बसत नाही, तुमची निवृत्ती जवळ आलीय. पण भाऊ लहान आहेत, त्यांच्या वयावर बसते. कर्ज दोघांचं आहे ना. त्यांना घेऊन या, दोघांच्याही सह्या लागतील.”

“त्याला यातलं काही माहीत नाही,” ती घाईने म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “असं कसं? तुम्ही फोन घेत नाही, म्हणून आम्ही त्यांना करतो. ते घेतात. दर वेळी म्हणतात, मी ताईशी बोलतो.”

ती बसने न जाता चालत घरी आली. मी ताईशी बोलतो. बँकेला सांगत होता, आणि ताईला सोडून सगळ्यांशी बोलत होता. तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि जिना चढेपर्यंत दोन्हींमधलं कुठलं जास्त आहे, हे तिला कळेनासं झालं. दम खाऊन तिने त्याला फोन लावला.

“ताई?”

“हो.”

ठरवून ठेवलेलं वाक्य ऐन वेळी पळून गेलं. पलीकडे मुलं भांडत होती. कुणीतरी नळ बंद केला.

“बँकेत यायचंय ना?” धाकटा म्हणाला. “किती वाजता येऊ?”

तो तिच्या आधीच येऊन बँकेच्या दारात उभा होता. कानशिलं पांढरी झाली होती. शर्टाला इस्त्री होती, पण कॉलर उसवली होती, आणि तिला वाटलं, शर्ट काढून दे, आत्ता शिवून देते.

“बारीक झालास.”

“तूही.”

कर्जविभागाच्या बाईंनी सगळं पुन्हा नीट समजावून सांगितलं. धाकटा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. त्यांचं संपल्यावर तो म्हणाला, “मॅडम, एक विचारू? माझं नाव यातून काढता येईल का?”

ती त्याच्याकडे वळली. “काढायचंय तुला?”

तो टेबलाकडे बघत बोलायला लागला. “मालकाने खोली सोडायला सांगितलीय, ताई. दोन खोल्यांचं एक घर बघितलंय, अगदी लहान. कर्जाचं सगळं जुळत आलं होतं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरवर माझं नाव बघितलं आणि म्हणाले, तुमचे आधीचेच हप्ते थकलेत. दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथंही तेच.”

“मला सांगायचंस की.”

“कुठल्या तोंडाने सांगू? माझा हिस्सा मीच बंद केला. पहिल्यांदा खरंच नव्हते पैसे, आमची धाकटी आजारी होती. वाटलं, तू विचारशील तेव्हा सांगू. तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर भांडलो तरी असतो. मला वाटलं, हिला आता मी नकोच आहे.”

“आणि मला वाटलं, विचारलं तर तू यायचा बंद होशील.”

“येत कुठे होतो,” तो म्हणाला.

बाईंनी उगाचच टेबलावरची पेनं सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नाव ठेवलं तर हप्ता निम्मा होईल. काढायचं असेल तर यांनी घरावरचा हक्क सोडायचा आणि कर्ज ताईंच्या एकट्यांच्या नावावर करायचं. मग मुदत निवृत्तीपर्यंतच मिळेल, हप्ता थोडासाच उतरेल. पगारावर अवघड आहे. एखादी खोली भाड्याने देता आली, तर बसवता येईल.”

“नको,” धाकटा म्हणाला. “राहू दे नाव. मी बघतो माझं काय ते.”

मी बघतो. लहानपणापासून तो हेच म्हणायचा, आणि मग तिला बघावं लागायचं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या घरातली गुंडाळलेली अंथरुणं तिला दिसली, पोत्यात भरलेली भांडी दिसली. आईने ज्या वाटेने आयुष्य काढलं, त्याच वाटेवर तो मुलांना घेऊन चालला होता, आणि त्याचा पाय धरून ठेवला होता तो आईच्याच घराने. त्याच्या वाटणीचं ओझं आपण उचलतोय, याचा तिला इतके दिवस मनातल्या मनात केवढा अभिमान होता. ते ओझं त्याच्याही डोक्यावर होतंच.

“काढा त्याचं नाव,” ती म्हणाली. “आतली खोली देते मी भाड्याने.”

“ताई, ती आईची—”

“आई काही तिथे बसलेली नाही,” ती म्हणाली. आवाज जरा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

अर्जावर दोघांनी सह्या केल्या. बाकीच्या कागदांना दिवस लागतील, पण होऊन जाईल, असं बाई म्हणाल्या. दोघं बाहेर पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. इतक्या दिवसांचं बोलणं आत टेबलावर बोलून झालं होतं, आणि बाहेर बोलायला काही उरलं नव्हतं.

“मुलांना घेऊन येईन एकदा,” तो म्हणाला.

“ये की.”

“थोरली तुझ्यासारखी दिसते. सगळे म्हणतात.”

“बिचारी,” ती म्हणाली. तो हसला, आणि हसताना अगदी पूर्वीसारखा दिसला.

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. सायकलच्या कुलपाची कोणती, ते बघत होता. त्यात तिला तिच्या दाराची किल्ली दिसली, डोक्याला आईने बांधलेला लाल दोरा अजून तसाच होता.

“ही आहे होय तुझ्याकडे,” ती म्हणाली. “बरं झालं. मेट्रनबाईंच्या ओळखीची एक मुलगी आहे, नर्सिंग शिकते. ती राहायला आली तर तिला लागेल.”

त्याने लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग नखाने कडी फाकवायला लागला. कडी घट्ट होती, त्याचं नख घसरत होतं. शेवटी तिनेच जुडगा हातात घेतला आणि अलगद किल्ली सोडवली. नाजूक काम करून करून तिची बोटं त्यात तरबेज होती.

“चल, येतो,” तो म्हणाला.

“ये.”

तो सायकलवर बसून गर्दीत दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. दुसरी किल्ली कोपऱ्यावरचा किल्लीवाला चहाच्या पैशांत करून देतो, हे तिला बसमध्ये बसल्यावर सुचलं. मग असंही वाटलं, की हे त्यालाही ठाऊक होतं आणि तो काही बोलला नाही. ती तीन स्टॉप पुढे जाऊन उतरली.

पाटी तिने काढली नाही. पाटीला कुणाची सही लागत नव्हती.

आत येऊन तिने बाहेरच्या खोलीतला दिवा लावला, मग आतलाही लावला. येणाऱ्या मुलीला काय काय लागेल, ते बघायला हवं होतं. आईची खाट तिने झटकली, खिडकीची कडी तेल घालून सैल केली, खुंटीवरचं जुनं स्वेटर उतरवून पेटीत ठेवलं. मग टेबलाशी बसली आणि सवयीने फोन पालथा घातला. घातल्यावर आठवलं, आता बँकेचा यायचा नाही. तरी वेळ टळून जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. फोन वाजला नाही. घर वाचलं होतं, दोन्ही खोल्यांत उजेड होता, आणि ही बातमी सांगावी असं एकच माणूस होतं, ज्याला ती आधीच माहीत होती.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की लाल दोऱ्याची किल्ली मुठीत धरलेला उजवा हात आपण डाव्या हाताने खालून उचलून धरला आहे.

“सोडा आता,” ती हळूच म्हणाली. हात काही सुटला नाही.