रंजनाबाईंचे दोन मासे

“मूठ उघाड, भाऊ. उघाडाशिवाय काटा कसा दिसी माले?”

सुपडूने मूठ उघडली. अंगठ्याच्या मुळाशी काटा मोडून आतच राहिला होता आणि भोवतालची कातडी जांभळी पडली होती. रंजनाबाईंनी जखमेवर ओला बोळा फिरवला. शहाद्याच्या या दवाखान्यात त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. डॉक्टर येईपर्यंत जखमा धुऊन ठेवायच्या, रडणारी पोरं धरून ठेवायची, संध्याकाळी फरशी पुसायची. पेशंट त्यांना सिस्टर म्हणत आणि त्याही ‘ओ’ देत. पण आज समोर थोरला भाऊ होता. सारंगखेड्याच्या अलीकडच्या त्यांच्या माहेरच्या गावात अजून तापीवर जाळं टाकून जगणारा.

“कसाना काटा शे हाऊ?”

“तेच तं कयत नई. डॉक्टरले दखाडाले लयनू.”

त्याने पिशवीतून मासा काढून पेपरवर ठेवला. वीतभर लांब, काळा, अंगावर बिबट्यासारखे ठिपके. खवले नव्हतेच, पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक बसवाव्यात तसं अंग. पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडलेला. तोंड खालच्या बाजूला, गोल.

“सकायपासून पानीभायेर शे. तरी जित्ता शे, दख. रोज धा-बारा सापडतस. जायामा गुतनात का जायंच कापनं पडस. खावाले कोनी लेत नई. अन आपला शिंगाडा मासा तं आते दिसतच नई.” सुपडू बहिणीच्या तोंडाकडे पाहत होता. “तू वयखस का हाऊ?”

“नई,” रंजनाबाई म्हणाल्या आणि चिमट्याने काटा ओढला.

त्या चांगलं ओळखत होत्या.

पूर्वी दवाखान्यात, जिथे आता औषधांचं कपाट आहे तिथे, काचेची मोठी टाकी होती. डॉक्टरांनी हौसेने आणलेली, म्हणजे आजारी पोरं रंगीत मासे बघत गप्प बसतील. दुकानदाराने त्यात बोटाएवढे दोन काळे मासे फुकट घातले. म्हणाला, हे सकर, काचेवरचं शेवाळ खातात, टाकी पुसायचं तुमचं काम वाचेल. ते रंगीत माशांसारखे मिरवत नसत. दिवसभर काचेला तोंड चिकटवून बसायचे आणि पेशंट गेल्यावर, दिवे अर्धे घालवल्यावर खाली उतरून फिरायला लागायचे. रंजनाबाई डब्यातल्या काकडीची एक चकती त्यांच्यासाठी ठेवायच्या. फरशी पुसून झाली की ती पाण्यात सोडायची आणि स्टुलावर बसून बघायचं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं. दिवसातली तेवढी पाच मिनिटं त्यांची स्वतःची होती.

चार वर्षांत सकर मनगटापासून कोपरापर्यंत लांब झाले. मग दवाखाना मोठा करायचा ठरला, टाकी काढली. रंगीत मासे दुकानदाराने परत नेले, सकर नको म्हणाला. डॉक्टर म्हणाले, “द्या टाकून कुठेतरी.”

गटारीत टाकणं रंजनाबाईंना जमलं नाही. त्यांनी झाकणाची बादली घेतली, त्यात पाणी आणि दोघे, आणि बादली मांडीवर धरून एसटीने माहेरी गेल्या. घरी जायच्या आधी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी बादली तिरकी केली. एक लगेच गेला. दुसरा थोडा वेळ पायरीला चिकटून राहिला आणि मग गेला. घरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भोयाच्या पोरीने माशाची दया करावी, याला सगळे हसले असते. पण त्या दिवशी परतताना त्यांना फार बरं वाटलं होतं. पुढे सहा वर्षं, दिवस वाईट गेला की त्या ती पायरी आठवायच्या.

काटा काढून, पट्टी बांधून सुपडू गेला. ‘नई’ मात्र रंजनाबाईंच्या तोंडात राहिलं. चार दिवस घास गोड लागेना. रविवारी सकाळी पहिली एसटी धरून त्या गावी गेल्या.

सुपडू घाटावर जाळं पसरून शिवत बसला होता. जाळ्याला जागोजाग हात जाईल एवढी भोकं. बाजूला वाळूत सातआठ सकर पडले होते, मधूनच एखादा शेपूट आपटत होता. पलीकडच्या काठाला त्यांनी बिळं पाडलेली, माती खचून पाण्यात आलेली.

“भाऊ, ह्या मासा मी सोडात.”

सुपडूची सुई थांबली. “कव्हय?”

“सा वरीस व्हयनात. दवाखानाना व्हतात. फेकी दे म्हने डॉक्टर. मन्हाकडथून मारायनं नई.”

“कितला?”

“दोन.”

त्याने वाळूतल्या माशांकडे पाहिलं. “दोनघाई इतला व्हतस का? आखो कोनीतरी सोडा व्हतीन.”

“व्हतीन. पन मन्हा दोन त्यासमाच शेतस. अन दवाखानामा तू इचारं, तव्हय मी खोटं बोलनू.”

“बाप आपला नदीमा थुके नई,” सुपडू हळूच म्हणाला. “नदीमा काय सोडानं अन काय नई, हाई तुले दुसरा कोनी शिकाडानं का?”

तो पुन्हा शिवायला लागला. रंजनाबाईंनी जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. त्याने ते ओढून घेतलं नाही, पण वरही पाहिलं नाही.

या माशांची तक्रार गेली होती म्हणून दुपारी नंदुरबारहून मत्स्य खात्याच्या दिपाली मॅडम आल्या. घाटावरच्या निंबाखाली पंधरावीस भोई जमले. मॅडमनी मासा उलटा करून त्याचे फोटो काढले. “हा घरातल्या टाकीतला मासा. मूळचा दुसऱ्या खंडातला. आपल्याकडे याला खाणारं कोणी नाही, म्हणून वाढतो. शेवाळ खातो, काठात बिळं करून अंडी घालतो. इथे कसा आला, कोणाला माहीत आहे?”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी शिवी हासडली, ज्याने सोडला त्याच्या हातांना किडे पडोत म्हणाला.

“पूरमा वाही उना, मॅडम,” सुपडू म्हणाला. आवाज स्थिर होता. “वरथून कथाईनतरी.”

मॅडम लिहायला लागल्या. रंजनाबाई बायांच्या मागे उभ्या होत्या. भाऊ आयुष्यात फार थोडं खोटं बोलला होता, आणि बोलला तेव्हा त्याची मान अशीच एका बाजूला कलायची. त्यांनी पदर खोचला आणि पुढे आल्या.

“मॅडम, ते खोडा. पुरात नाही आले. दोन मी सोडले, सहा वर्षांपूर्वी, या पायरीवरून.”

शिवी देणारा म्हातारा आपल्या चपलेकडे पाहू लागला. मॅडमनी पेन वर धरला. “मावशी, लिहायलाच पाहिजे असं नाही. असं बरेच जण करतात.”

“लिहा. रंजनाबाई, शहादा.”

मॅडमनी आधीची ओळ खोडली.

संध्याकाळी सुपडू त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. नेहमी बरोबर चालायचा, आज चार पावलं पुढे होता. एसटी दिसली तेव्हा त्याने रस्त्यावर येऊन हात केला. दर वेळी रंजनाबाई चढल्या की तो खालून, कंडक्टरने बेल मारली तरी, ओरडून अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाचं आवतण द्यायचा, “आखाजीले येजो, मी लेवाले ईसू.” आज त्याने त्यांची पिशवी पायरीवर ठेवली. ठेवताना ती नीट सरळ केली. आणि आवतण न देताच मागे सरकला.

“जास, भाऊ,” रंजनाबाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली.

गाडी रिकामीच होती. रस्ता पहिले दोन मैल नदीच्या कडेने जातो, आणि त्या बाजूची खिडकी मोकळी होती. रंजनाबाई तिच्याजवळ थांबल्या, मग दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा दिसतात तिकडे जाऊन बसल्या आणि तिकिटासाठी सुट्टे काढू लागल्या.