हाकेला ओ न देणाऱ्या आया

माझी सून उंदीर पाळते. हे वाक्य मी लोकांना मुद्दाम असंच सांगते, कारण समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मग दया आली तर पुढचं सांगते. ती रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आहे, एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करते आणि तिचे उंदीर संस्थेच्या तळमजल्यावर राहतात. त्यांना आमच्यापेक्षा स्वच्छ पाणी आणि चांगली हवा मिळते. एकदा आमच्या स्वयंपाकघरात एक साधा, बिनपगारी उंदीर शिरला तेव्हा मी खुर्चीवर चढले होते आणि ती खाली वाकून म्हणाली, "आई, ही बाळंतीण आहे, मारू नका." जशी काही मी खाली उतरणारच होते!

माझ्या मुलाचं चष्म्यांचं दुकान आहे. लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, ही उंदीर पोखरून डोंगर काढणार आहे. आणि तिने काढलाही.

तिचे उंदीर घडवलेले आहेत. शरीर कसं बनवायचं याच्या सूचना प्रत्येक पेशीत असतात आणि अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात, एवढं तिच्या सहवासात मलाही यायला लागलंय. तिने उंदरांच्या एका वाणातून एकच जनुक काढून टाकलं. त्या उंदरांचं एरवी सगळं ठीक चालतं. माद्यांना पिल्लं होतात, त्या घरटं छान मऊ करतात, दूध पाजतात. फक्त पिल्लू घरट्याबाहेर गेलं, की कुठलीही आई धावत जाऊन त्याला मानेला धरून परत आणते, तसं या करत नाहीत. पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं आणि आई आपली घरट्यात बसून राहते. सुनेने हे दाखवून दिलं तेव्हा वर्तमानपत्रात 'मायेचं जनुक सापडलं' असं ठळक छापून आलं होतं. त्या मथळ्यावर ती दोन दिवस धुसफुसत होती. मी तिला सांगितलं, मथळा देणारा आणि मजकूर वाचणारा ही नेहमी वेगवेगळी माणसं असतात. मला हे माहीत आहे, कारण माझा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला.

त्यानंतरची तिची सगळी वर्षं त्या एका वाणावर उभी राहिली. निबंध, व्याख्यानं, हाताखाली तयार झालेली मुलं. आणि आता संस्थेत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. त्यासाठी आजवरच्या संशोधनाचा लेखाजोखा द्यायचा होता आणि गुरुवारी निवड समितीसमोर बसायचं होतं. ही जागा तिला मिळावी असं तिला वाटत होतं आणि तिच्यापेक्षा जास्त मला वाटत होतं. तिने तो लेखाजोखा रविवारी माझ्यापुढे ठेवला. "शास्त्र मी बघितलंय, आई. तुम्ही बाकीचं बघा." मी डोळ्यांत तेल घालून वाचला. चार स्वल्पविराम आणि एक ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर काही सापडलं नाही. मी जरा खट्टूच झाले.

सोमवारी ती दुपारीच घरी आली. हात धुवायला लागली ती धुतच राहिली. मी चहा ठेवला तर नको म्हणाली.

"काय झालं?"

"झाकण पडलं," ती म्हणाली.

इथे मला तिच्या उंदीरखोलीबद्दल सांगायला हवं. त्या खोलीत मऊ तळव्यांचे बूट घालून जातात. दार हळू लावतात, बोलायचं तर कुजबुजतात. आवाजाने बिथरलेली ओली बाळंतीण कधीकधी आपलीच पिल्लं खाऊन टाकते, म्हणून हा नियम सुनेनेच घालून दिला होता आणि तो मोडणाऱ्याची तिने कधी गय केली नव्हती. सवय इतकी अंगात मुरली की घरातसुद्धा ती कपाटाचं दार कापसाचं असल्यासारखं लावते. आमच्या घरात आदळआपट करायची वेळ आली तर ती मलाच करावी लागते.

तर त्या खोलीत तिच्याच हातून पिंजऱ्याचं पोलादी झाकण फरशीवर पडलं. असा खणखणाट तिथे कधी झालाच नव्हता. सगळे उंदीर जागच्या जागी उडाले. काही गवताखाली घुसले, काही जाळीला लटकले. आणि एका मांडणीवरचे, म्हणजे तिच्या खास वाणाचे, तसेच खात बसले होते. एक आई अंग चाटत होती, ती चाटतच राहिली.

"त्यांना ऐकूच येत नाही, आई," सून म्हणाली. "पिल्लू घरट्याबाहेर पडलं की बारीक किंकाळ्या मारतं, आपल्या कानांना त्या कळत नाहीत. आई त्या आवाजावर धावते. यांना कुणी हाक मारतंय हेच कळत नसणार. आणि मी इतकी वर्षं लिहीत आले की यांना माया नाही."

मी गॅस बंद केला.

मग तिने जे समजावलं ते मला लगेच पटलं. ज्या जुन्या वाणात ते जनुक काढण्याचं काम केलं, त्या वाणात बहुतेक त्या जनुकाच्या शेजारीच एक वेगळा दोष होता, बहिरेपणाचा. दोन्ही इतकी जवळजवळ, की एक पुढच्या पिढीत गेलं की दुसरंही त्याचं बोट धरून जाणार. आमच्या छापखान्यात हेच व्हायचं. ओळीतला एक शब्द दुरुस्त करायला सांगावा, तर जुळारी शिशाची अख्खी ओळ नव्याने ओतायचा आणि धड असलेला शेजारचा शब्द बिघडवून ठेवायचा. म्हणून दुरुस्ती तपासताना आम्ही आजूबाजूचंही वाचायचो. तिच्याकडे बाकी सगळं तपासून झालं होतं. कान तेवढे राहिले, कारण त्या खोलीत आवाजच करायचा नव्हता.

रात्री जेवताना तिने मुलाला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"कुणाला कळलंय?"

"तुम्हा दोघांना."

"मग गुरुवार होऊन जाऊ दे. उंदीर काय तक्रार करणार आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची. नंतर सावकाश सांग."

"आधी मला खात्री करू दे," ती म्हणाली आणि तिने त्याच्या पानात भाजी वाढली.

तो वाईट नाही. बायकोचं भलं व्हावं एवढंच त्याच्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं, फक्त त्याने बोलून दाखवल्यामुळे मला त्याचा राग आला. मी उठून भांडी जरा जास्तच जोरात घासली.

बुधवारी खात्री झाली. उंदराला झोपवून, डोक्यावर बारीक तारा लावून, आवाज केल्यावर मेंदूत काही उमटतं का ते बघतात म्हणे. बाकीच्यांच्या रेषेवर लाटा उठल्या. तिच्या वाणाची रेषा सरळ गेली. तिने तो कागद मला दाखवला आणि मग टेबलाशी बसून लेखाजोख्याच्या पहिल्या पानाआधी एक नवं पान लिहिलं. पुढे दिलेल्यांपैकी कोणते निबंध आता त्याच अर्थाने वाचू नयेत आणि का, हे त्यात होतं. ज्या निबंधांनी तिला ही जागा मिळायची, नेमके तेच ते होते.

"वाचता?" तिने विचारलं.

मी वाचलं. "'दुर्दैवाने' काढ."

"का?"

"छापखान्यात चूक झाली की ज्याच्या हातून झाली तोच हा शब्द वापरायचा."

ती पहिल्यांदा हसली आणि तिने तो शब्द खोडला. मुलगा दारात उभा होता. "आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो, पण पाय माझाच आहे ना." मग त्यानेच आत येऊन तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीचे कपडे इस्त्री केले.

समितीत काय झालं ते तिने फार रंगवून सांगितलं नाही. त्यांनी ते पान वाचलं, एकमेकांकडे पाहिलं. एकजण सौम्यपणे म्हणाले, हे आजच सांगायची काय गरज होती? ती म्हणाली, मला सोमवारी कळलं. जागा दुसऱ्याला मिळाली. माणूस चांगला आहे, कधीकाळी हिच्याच हाताखाली शिकला. तो घरी मिठाई घेऊन आला तेव्हा मी त्याच्याशी नीट बोलले, पण ती मिठाई काही मला गोड लागली नाही. मला वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे लोक सांगतात, ते मला तरी त्या आठवड्यात कुठे दिसलं नाही. सून रोजच्या वेळेला कामाला जात होती आणि आल्यावर ज्या ज्या नियतकालिकांत तिचे निबंध छापले होते त्यांना एकेक पत्र लिहीत होती.

अशाच एका संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली, पलंगावर माझ्याशेजारी बसली. "हे बघा."

पिंजऱ्याचं चित्रण होतं. एका कोपऱ्यात घरटं, त्यात काळी उंदरीण, पोटाशी पिल्लं. समोरच्या कोपऱ्यात एक पिल्लू एकटं, भुईमुगाच्या शेंगेएवढं, गुलाबी. तोंड उघडमीट होत होतं. आई घरट्यात बसून होती.

"आम्ही ठरलेली वेळ बघायचो," सून म्हणाली. "आई गेली नाही, की 'गेली नाही' अशी नोंद करायचो आणि पिल्लू हाताने उचलून घरट्यात ठेवायचो. गारठून मरू नये म्हणून. या वेळी मी पिंजऱ्याखाली ऊब ठेवली आणि थांबून राहिले."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आईला तहान लागली असावी. ती उठली, पाण्याच्या नळीकडे निघाली आणि वाटेत तिचा पाय त्या पिल्लाला लागला.

ती थबकली. तिने त्याला हुंगलं. पाणी तसंच राहिलं. तिने पिल्लाला हळूच मानेला धरलं, घरट्यात नेऊन ठेवलं, चाटलं, आणि ती पुन्हा बाहेर आली. पहिला कोपरा हुंगला. दुसरा हुंगला. सगळा भुसा नाकाने उकरला, पाण्याच्या नळीमागे पाहिलं, पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडे गेली.

"आता काय शोधतेय?" मी विचारलं.

"अजून कुणी बाहेर राहिलंय का ते."

"आहे का?"

"नाही. एकच बाहेर ठेवलं होतं. पण तिला कोण सांगणार?"

चित्रण संपलं तेव्हाही ती शोधतच होती. सुनेचे डोळे भरले होते. मला तर काही दिसतच नव्हतं, म्हणून मी चष्मा पुसला आणि म्हटलं, पुन्हा लाव.