अंबाड्यातली चांदी

शिवांजलीला वाटलं होतं, रोम लांब आहे. दोन हजार वर्षं मागे आणि समुद्रापलीकडे. तिथल्या बाईला शिवाजी पेठेत कोण ओळखणार? शहाण्या माणसालाही कधी कधी अशी दुर्बुद्धी सुचते.

टाऊन हॉलच्या म्युझियममधला, गावच्याच उत्खननात सापडलेला चिमुकला रोमन समुद्रदेव तिनं लहानपणी पाहिला, तेव्हापासून तिला रोमचं वेड. लग्न होऊन शिवाजी पेठेतल्या, मूळच्या हुपरीकडच्या चांदीवाल्यांच्या घरात पडली तरी ग्रंथालयातून पुस्तकं आणणं सुटलं नाही. रोमनांची स्नानगृहं, पावाच्या भट्ट्या, सगळं तिला पाठ. पण रोमवर कथा लिहायला बसली तेव्हा चांदीकाम करणारी गुलाम बाई कामावरून उठताना काय करत असेल, हे कुठल्याच पुस्तकात मिळेना. मग तिनं आपल्याच माडीवर बघितलं.

माडीवर पैंजणांचं काम चाले. शिवांजलीच्या लग्नाआधीपासून चिमणाबाई तिथं कानशीनं पैंजण घासायची. उठताना हात परातीत धुवायचे, कारण त्या पाण्यातही चांदीचा कीस उतरतो. मग सासूबाई, शिवगंगाआत्ती, तिचा पदर कागदावर झटकून घ्यायच्या. घराण्याची जुनी रीत. चिमणाबाईनं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. शिवांजलीनं ते सगळं उचलून रोममध्ये नेलं आणि कथा रंगावी म्हणून मनचं एक घातलं: मालकीण वस्त्राचा काठ झटकते, पण बाई चांदी नेते अंबाड्यातून.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळी अंकात कथा छापून आली. तिच्या नवऱ्याला, संगमेशला, आभाळ ठेंगणं झालं. पेढे आणून त्यानं माडीवर सगळ्यांसमोर कथा मोठ्यानं वाचली. शिवांजली नको नको म्हणत होती, पण मनातून सुखावली होती, खोटं कशाला बोला. हात धुतल्याचं आलं तेव्हा बायका हसल्या. अंबाड्याचं आलं तेव्हा सगळ्यांनी चिमणाबाईकडं बघितलं.

आत्तींनी पेढा अर्धाच खाल्ला. त्या महिन्यात चांदीत तूट जरा जास्त आली होती. संध्याकाळी चिमणाबाईचा पदर झटकून झाल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "हिचा अंबाडा सोडून बघ गं. कुठं बघायचं ते तुला ठावं हाय."

ती कथा आहे, ते मनचं आहे, अशी बाई कुठं नव्हतीच, असं शिवांजलीनं परोपरीनं सांगितलं. आत्तींचं म्हणणं, हात धुतल्याचं खरं, पदराचं खरं, मग एवढंच खोटं कसं? तिनं संगमेशकडं बघितलं. संगमेश पेढ्यांचा बॉक्स उचलून खाली निघून गेला.

चिमणाबाईच पाठ करून शिवांजलीपुढं बसली आणि अंबाड्याचे आकडे तिनं स्वतः काढले.

"बघा वैनी. त्या बाईच्यात घावली नव्हं चांदी?"

"ती बाई मी रचलेली हो, चिमणाबाई."

"व्हय की. हातपाय माझं घेतलासा. चोरी तेवढी तुमची."

शिवांजलीनं केसांत बोटं घातली. तेलकट, विरळ, निम्मे पिकलेले केस. लाजेनं तिला रडू फुटलं. तरी आत्ती बघत होत्या म्हणून तिनं कानामागं, मानेवर, सगळीकडं नीट बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं.

आत्तींनी किसाची पुडी बांधली. पदर आपण बघतोच, उद्यापासून केस रोज सुनेनं बघायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं.