खंदकातल्या राजकन्येचा चेहरा

महांतेशअप्पाच्या डाळमिलीत सगळीकडे धूळ, पण ऑफिसमागच्या खोलीत तिला मज्जाव होता. तिथं एसी होता, काचेची कपाटं होती आणि कपाटांत जुन्या चित्रकथांच्या मुखपृष्ठांची मूळ, हातानं रंगवलेली चित्रं होती. लातूरच्या आडत बाजारात लोक हसायचे. पोरांच्या गोष्टींपायी हा माणूस रद्दीची गोदामं पालथी घालतो म्हणे! मग मुंबईच्या एका लिलाववाल्यानं ती चित्रं विकायला घेतली, पेपरात फोटो आला, आणि हसणारेच त्याला वाकून नमस्कार करू लागले. माणसाला शहाणं ठरवायला लोकांना एवढंच पुरतं.

तोच पेपर घेऊन जगदेवी उदगीरहून आली. साठी उलटलेली, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. फोटोतलं ‘खंदकातली राजकन्या’ हे चित्र तिच्या नवऱ्यानं, विरूपाक्षनं काढलेलं होतं. किल्ल्याच्या खंदकाकाठी हातात दिवा घेऊन उभी असलेली लहानगी राजकन्या. ती चित्रकथा छापणाऱ्या नांदेडच्या प्रकाशकाचा धंदा बसला तेव्हा महांतेशनं ते त्याच्याकडून उचललं होतं. बाई हक्क सांगायला आली की काय, अशी त्याला शंका आली.

“चित्र तुमचंच, अप्पा,” जगदेवी म्हणाली. “मला फकस्त त्या चेहऱ्याच्या खालचं बघायचंय.”

राजकन्येच्या चेहऱ्यावर कागदाचा तुकडा डकवलेला आहे, हे महांतेशला माहीत होतं. या कामात त्याचं नवल नाही. प्रकाशकाला चेहरा पसंत पडला नाही की चित्रकार दुसरा काढून वर चिकटवतो, छापल्यावर कुणाला कळतही नाही.

“खाली माझी अंजू हाय,” ती म्हणाली.

अंजू त्यांची एकुलती एक लेक. भूकंपाच्या रात्री ती किल्लारीकडच्या गावी आजीपाशी होती, आणि नवराबायको लातुरात, गणपतीच्या देखाव्यांच्या कामाला. दगडमातीच्या घराखाली पोरगी गेली, आजी गेली, फोटोंची पेटीही गेली. पुढच्या वर्षी विरूपाक्षनं हे चित्र केलं आणि बायकोला सांगितलं, राजकन्येला मी आपल्या अंजूचा चेहरा दिला होता, पण प्रकाशकाला नको होता, वर दुसरा लावावा लागला. चित्र प्रकाशकाकडेच राहिलं. विरूपाक्ष गेल्या श्रावणात वारला.

“एकडाव बघते अन् जाते. तिचा दुसरा फोटू न्हाई माझ्यापाशी.”

महांतेशच्या जिभेवर ‘नाही’ तयार होतं. चित्र आहे तसंच लिलावात जायचं होतं. तरी विचारून घ्यावं म्हणून त्यानं बाहेर जाऊन मुंबईला फोन लावला. लिलाववाल्यानं सगळं ऐकलं आणि त्याचा आवाजच बदलला.

“उघडा. पण व्हिडिओ काढा, आईसकट. मेलेल्या मुलीचा चेहरा मुखपृष्ठाखाली! बोली कुठल्या कुठं जाईल, शेठ.”

महांतेशला लाज वाटली नाही असं नाही. वाटली, आणि त्यानं ती गिळली. आत येऊन म्हणाला, “तुमच्यासाठी करतो, अक्का.”

त्या बिचारीनं हात जोडले.

मोबाईल स्टँडवर उभा राहिला. तुकडा खळीनं चिकटवलेला होता. महांतेशनं त्यावर ओला टिपकागद ठेवला, खळ फुगू दिली आणि चपट्या सुरीनं कड उचलली. जगदेवी टेबलावर इतकी वाकली होती की तिचा श्वास त्याच्या हातावर येत होता. तुकडा अख्खा निघाला.

खाली चेहरा नव्हता. पेन्सिलीनं काढलेलं, खोडलेलं, पुन्हा काढलेलं, पुन्हा खोडलेलं, असं इतक्या वेळा की कागद घासून कापसासारखा झाला होता आणि डोळ्यांच्या जागी आरपार भोक पडलं होतं. कुठल्या प्रकाशकानं नको म्हटलंच नव्हतं. विरूपाक्षनंच आपली खाडाखोड झाकली होती.

“त्यांला आठवलीच न्हाई,” जगदेवी म्हणाली.

“अक्का, दुःखात माणसाचा हात चालत नाही...”

“मलाबी आठवंना, अप्पा.” ती त्या भोकाकडंच बघत होती. “वेणी आठवती. पायातले वाळे आठवतात. तोंड न्हाई. त्यांला कधी बोलले न्हाई मी. वाटायचं, मी इसरले तर इसरले, त्यांच्यापाशी हाय. अन् त्यांला वाटत आसंल, माझ्यापाशी हाय.”

ती रडली असती तर महांतेशला बरं वाटलं असतं. पाणी आणतो म्हणून त्याला खोलीबाहेर तरी पडता आलं असतं. ती रडली नाही. पदरानं टेबलावरची ओल तेवढी पुसली.

“चिटकवा परत. त्यांनी झाकलं हुतं, झाकलेलंच राहू द्या.”

“हाव अक्का. खळ करावी लागंल. तुम्ही थांबू नका, एसटी जाईल.”

दारात ती वळली. “कुणाला दिसणार न्हाई ना, अप्पा?”

“न्हाई. निवांत जावा.”

तिची रिक्षा स्टँडच्या रस्त्याला लागेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत आला, निघालेला चेहरा वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि व्हिडिओ मुंबईला पाठवून दिला.